नव्या गाडीला वॅक्स करायचंय? आधी हातातलं कोरडं फडकं खाली ठेवा

नवी गाडी दारात उभी राहिली की पहिले पंधरा दिवस माणूस फडकं घेऊन तिच्याभोवती फिरत असतो. मीही फिरलो. सकाळी उठलं की आधी गाडी, मग बाकीचं सगळं. जरा धूळ दिसली की कोरडं फडकं बोनेटवरून गोल गोल फिरवायचं, दोन पावलं मागं सरायचं आणि चकाकी बघत उभं राहायचं. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ऊन तिरपं पडलं होतं. बोनेटमध्ये सूर्याचं प्रतिबिंब दिसत होतं आणि त्याच्याभोवती बारीक गोल रेघांचं जाळं होतं, कोळ्यानं विणल्यासारखं. गाडी कुठं घासली नव्हती, कुणी चरा पाडला नव्हता. ते जाळं मीच रोज सकाळी थोडं थोडं विणत होतो.

मग घाईघाईनं वॅक्सचा डबा आणला आणि चोळला. रेघा चार दिवस जरा फिक्या झाल्या, मग पुन्हा जशाच्या तशा. वॅक्स रेघा काढत नाही हे तेव्हा कळलं. वॅक्स कसं करायचं ते पुढं सविस्तर येईलच, पण हा अर्ध्याहून जास्त लेख वॅक्सच्या आधी काय करायचं यावर आहे. नव्या गाडीचा रंग ऊन-पावसानं खराब व्हायला वर्षं लागतात, चुकीच्या फडक्यानं पंधरा दिवस पुरतात.

आपण नेमकं कशाला जपतोय

गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. पत्र्यावर सगळ्यात खाली गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, त्यावर आपण ज्याला रंग म्हणतो तो बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे चारही मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे अख्खा रंग दोन केसांएवढा जाड. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. चकाकी त्याची, उन्हाशी झुंजणारा तोच, आणि आपण फडकं फिरवतो तेही त्याच्यावरच. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यं त्याच्यात मिसळलेली असतात. हा थर एकदा झिजला की परत वाढत नाही. रबिंग-पॉलिशनं रेघा जातात म्हणजे रेघेच्या खोलीपर्यंतचा क्लिअर कोट खरवडून सपाट केला जातो. एक-दोनदा केलं तर बिघडत नाही, पण दर सर्व्हिसिंगला 'पॉलिश मारून देतो' म्हणणाऱ्याला होकार देत गेलात तर काही वर्षांनी टपावर पांढरट चट्टे दिसायला लागतात. त्यावर मग पुन्हा रंग देण्यावाचून इलाज नसतो.

याच ठिकाणी एक जुना समज निकालात काढू. 'नव्या गाडीला तीन महिने वॅक्स लावू नका, रंग वाळू द्या' असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. कारखान्यात क्लिअर कोट साधारण १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेला असतो, त्यामुळे गाडी बाहेर पडते तेव्हा तो पूर्ण पक्का झालेला असतो. पहिल्या दिवशी वॅक्स केलं तरी चालतं. हा सल्ला खरा आहे तो अपघातानंतर वर्कशॉपमध्ये पुन्हा रंगवलेल्या दाराला किंवा बंपरला. तिथं गाडी तेवढ्या तापमानाला भाजता येत नाही, रबर, प्लास्टिक, वायरिंग सगळं वितळेल. त्या रंगातला सॉल्व्हंट हळूहळू उडत राहतो आणि वरून वॅक्सनं तोंड बंद करायचं नसतं. तेव्हा ज्यानं रंग दिला त्यालाच किती दिवस थांबायचं ते विचारा. महिना-दोन महिने हे नेहमीचं उत्तर.

वॅक्स, पॉलिश, सीलंट, सिरॅमिक: कोण काय करतं

दुकानात उभं राहिलं की डोकं गरगरतं, कारण प्रत्येक बाटलीवर सगळेच शब्द लिहिलेले असतात. तेव्हा एवढं लक्षात ठेवा. पॉलिश म्हणजे घासणारं, त्यात बारीक कण असतात आणि ते क्लिअर कोट थोडा काढतं. वॅक्स म्हणजे झाकणारं, ते वर पातळ थर ठेवतं. नव्या गाडीला झाकणारं हवं. बाटलीवर 'क्लीनर वॅक्स' किंवा 'पॉलिश अँड वॅक्स' असं दोन्ही एकत्र असेल तर तीत घासणारे कण असण्याची शक्यता धरा आणि ती जुन्या गाडीसाठी ठेवा.

झाकणाऱ्यांत तीन प्रकार. पहिलं नैसर्गिक मेण, कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक ताडाच्या कुळातलं झाड वाढतं, त्याच्या पानांवर हे मेण जमतं. पानं वाळवून झोडपली की भुकटी मिळते. कार्नोबा इतकं टणक असतं की नुसतं लावताच येत नाही. ते वितळायलाच ८२ ते ८६ अंश लागतात. म्हणून डब्यात ते तेलं आणि सॉल्व्हंटमध्ये मऊ करून भरलेलं असतं. डब्यावर 'शंभर टक्के कार्नोबा' लिहिलं असेल तर ते मेणाच्या जातीबद्दल आहे, डब्यातल्या प्रमाणाबद्दल नाही. गडद रंगांवर त्याची झळाळी फार सुरेख येते, पण ते टिकतं महिना-दोन महिने. दुसरं सिंथेटिक सीलंट, म्हणजे पॉलिमर. झळाळी जरा काचेसारखी, थंड, पण चार-सहा महिने निघतात. तिसरं सिरॅमिक कोटिंग. ते सिलिकावर आधारलेलं असतं, क्लिअर कोटला घट्ट धरून बसतं आणि नीट लावलं तर वर्ष ते काही वर्षं टिकतं. त्याच्या जाहिरातीत '९एच' हा आकडा हमखास असतो. ऐकणाऱ्याला वाटतं हिऱ्याच्या खालोखाल. प्रत्यक्षात तो पेन्सिलीच्या टणकपणाच्या चाचणीतला आकडा आहे: ९एच शिशाची पेन्सिल फिरवली तरी चरा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. किल्लीनं, दगडानं चरा उठतोच.

शोरूममध्ये गाडीच्या बिलाबरोबर 'टेफ्लॉन कोटिंग' गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई हे प्लास्टिक. त्याचा वितळणबिंदू ३२७ अंश. नॉनस्टिक तव्याला ते चिकटवण्यासाठी तवा भट्टीत त्याहून जास्त तापवतात. गाडीच्या रंगाला तेवढी उष्णता दिली तर रंगच उरणार नाही. तिथं जे लावून मिळतं ते बहुतेक वेळा चांगल्यापैकी सीलंट असतं. ते घरी एका दुपारी लावता येतं आणि खाली तेच शिकायचं आहे.

गाडीला पुढच्या बाजूनं पारदर्शक फिल्म, म्हणजे पीपीएफ, किंवा सिरॅमिक करायचा विचार पक्का असेल तर मात्र आत्ता वॅक्स लावू नका. फिल्मचा गोंद आणि सिरॅमिक दोन्ही कोऱ्या रंगालाच धरतात, मेणावर बसत नाहीत. आणि मॅट रंगाची गाडी असेल तर हा लेख इथंच सोडा. मॅटवर वॅक्स किंवा पॉलिश लावलं की तेवढ्या भागाला चकचकीत डाग पडतात. त्याची औषधं वेगळी.

ताब्यात घेताना

डिलिव्हरीच्या आधी शोरूमवाले गाडी धुऊन, पुसून, चकचकीत करून देतात. दिवसभरात वीस गाड्या पुसणारा तो एकच ओला गठ्ठा. त्यात किती वाळू अडकली असेल याचा हिशोब कुणी ठेवत नाही. शक्य असेल तर आधीच सांगा: वाहतुकीसाठी चिकटवलेली फिल्म काढा, गाडी धुऊ नका, तशीच धुळकट द्या. ते चमकून बघतील. बघू देत. ऐकलं नाही तर किमान गाडी उन्हात उभी करून किंवा मोबाइलचा टॉर्च रंगाजवळ धरून रेघा, चट्टे, पुन्हा रंग दिलेली जागा बघून घ्या. ट्यूबलाइटखाली यातलं काही दिसत नाही.

धुणं: सगळा खेळ इथंच

सामान फार नाही. दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरचा धुण्याचा हातमोजा, पुसायला एक मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल. चाकांसाठी वेगळं जुनं फडकं आणि शक्य तर वेगळी बादली. भांड्यांचा साबण नको. तो तेलकटपणा तोडण्यासाठीच बनवलेला असतो आणि लावलेलं वॅक्सही तितक्याच इमानेइतबारे तोडतो.

गाडी सावलीत आणा. बोनेटला हाताची मागची बाजू लावून बघा, गरम लागलं तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी वाळून डाग पडतात. हातातलं घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल काढून ठेवा. हसू नका, गाडीला टेकून टपापर्यंत हात पोचवताना बक्कल नेमकं दाराला घासतं.

चाकं आधी. ब्रेकची काळी भुकटी त्यांच्यावर असते, ती आधी उरकली की उडालेले शिंतोडे नंतर गाडीबरोबर धुतले जातात. ते फडकं पुन्हा रंगाला लावायचं नाही, कितीही धुतलं तरी.

मग पाण्याच्या फवाऱ्यानं वरून खाली, हात न लावता, जितकी धूळ निघेल तितकी काढा. या टप्प्याला घाई करू नका. पाण्यानं निघालेला प्रत्येक कण हा हातमोज्याखाली न सापडलेला कण असतो. पाण्याची टंचाई असेल तर झारीनं ओता, पण भिजवा आणि दोन-तीन मिनिटं मुरू द्या, मग पुन्हा ओता.

आता दोन बादल्यांचं गणित. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग नुसत्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. पहिल्यांदा केलंत की धुणं संपल्यावर साध्या पाण्याची बादली कलंडून तळाशी बघा. राखाडी गाळ आणि त्यात चमकणारे वाळूचे कण दिसतील. एका बादलीनं धुतलं असतं तर तोच गाळ टपावरून निघून बोनेटवर घासला गेला असता. मी एकदा तो गाळ चिमटीत घेऊन चोळून बघितला. काचपेपरची आठवण झाली, त्यानंतर दुसरी बादली कधी टाळली नाही.

क्रम वरून खाली: टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग, आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग आणि बंपर. चिखल खालीच असतो. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नाही. रेघ पडलीच तर सरळ रेघ एकाच बाजूनं दिसते, गोल रेघ कुठूनही दिसते. दाबायचं अजिबात नाही. हातमोज्याचं स्वतःचं वजन पुरे. हातमोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. झटकून पुन्हा वापरायचा मोह होतो, म्हणून दुसरा जवळ ठेवा.

धुऊन झाल्यावर फवारा काढून टाका आणि नळीनं संथ धार सोडा. पाणी चादरीसारखं घसरून खाली जातं आणि पुसायला फार कमी उरतं. मग टॉवेल पसरून ठेवायचा, वरून हलकं थापटायचं, उचलायचा. घासायचं नाही. आरशांच्या खालून, दाराच्या हँडलमधून, नंबरप्लेटमागून पाणी बराच वेळ ठिबकत राहतं. दारं उघडून कडा टिपून घ्या, नाहीतर वॅक्स चालू असताना नेमका तिथूनच ओघळ येतो.

हात फिरवून बघा

गाडी कोरडी झाली की एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि बोटांनी बोनेटवरून अलगद फिरवा. पिशवीमुळे बोटांना बारीकसारीक खडबडीतपणा कळतो. नवी असूनही खरखरीत लागली तर दचकू नका. कारखान्यापासून शोरूमपर्यंत गाडी ट्रेलरवर किंवा मालगाडीवर आलेली असते, यार्डात उघड्यावर उभी असते. रुळांवरचे आणि ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण गरम असताना क्लिअर कोटमध्ये रुततात आणि तिथंच गंजायला लागतात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपक्यांसारखे दिसतात. लोक म्हणतात रंगच गंजला. रंग नाही, तो पाहुणा गंजतोय.

त्याला दोन उपाय. आधी आयर्न रिमूव्हर फवारायचा. लोखंडाशी संयोग झाला की तो जांभळा होऊन ओघळतो, बघायला मजा येते, वासाला मात्र सडकं अंडं. वाळू न देता धुऊन टाका. त्यानंतरही खरखर राहिली तर क्ले बार. मळलेल्या मातीसारखा तो गोळा असतो. त्यातला छोटा तुकडा हातात चपटा करायचा, रंगावर भरपूर वंगण, म्हणजे क्लेसोबत मिळणारा फवारा किंवा शाम्पूचं पाणी, मारायचं आणि क्ले दोन बोटांनी हलकेच पुढंमागं सरकवायचा. सुरुवातीला तो अडखळतो, खर्रखर्र असा बारीक आवाज येतो. आठ-दहा फेऱ्यांनंतर आवाज थांबतो आणि बोट काचेवरून गेल्यासारखं सरकतं. तिथं थांबायचं, पुढच्या भागाकडे वळायचं. क्ले उलटून बघा, मळकट झाला असेल तर घडी घालून नवी बाजू वर आणा. आणि तो खाली पडला तर उचलून थेट कचऱ्यात. त्यात रुतलेला एक खडा अख्ख्या दाराची वाट लावतो.

पिशवीची चाचणी गुळगुळीत निघाली तर क्लेच्या वाटेला जाऊच नका. तोही थोडंसं घासतोच. पॉलिशच्या बाबतीतही तेच. नव्या गाडीवर रेघा नसतील तर कारण नसताना मशिन फिरवू नका.

आता वॅक्स

अडीच-तीन तास सलग मिळतील असा दिवस निवडा. सावली हवी, वारा नको, पत्रा थंड हवा. माझं पहिलं वॅक्स भर दुपारी अंगणात झालं. अख्ख्या गाडीला एकदम लावून टाकलं, ते उन्हात भाजून पापडासारखं कडक झालं आणि काढता काढता खांदे भरून आले. शेवटी काही ठिकाणी पुन्हा नवं वॅक्स लावून जुनं मऊ करावं लागलं. तुमचं तसं अडकलं तर हीच युक्ती.

बोनेट-दारांच्या कडेची काळी, खरबरीत प्लास्टिकची पट्टी असते ना, तिला मास्किंग टेप लावून घ्या. वॅक्स तिच्या खरबरीत खाचांत शिरलं की पांढरं होऊन बसतं. आळस केला तर नंतर मऊ टूथब्रश आणि शाम्पूचं पाणी घेऊन बसावं लागेल. पुढच्या काचेलाही वॅक्स लावू नका, वायपर थरथरतात आणि रात्री समोरच्या दिव्यांनी काच धूसर दिसते.

फोमच्या मऊ पॅडवर डब्यातलं थोडंसं वॅक्स घ्या. थोडंसं म्हणजे पॅड डब्यात दोनदा हलकं फिरवून जेवढं लागेल तेवढं. द्रवरूप असेल तर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके. एका दाराला तेवढं पुरतं. पहिल्यांदा लावणारा प्रत्येक जण जास्त लावतो, कारण थर दिसला की समाधान वाटतं. पण रंगाला धरून राहतो तो फक्त अगदी पातळ पापुद्रा, वरचं सगळं तुम्ही टॉवेलनं पुसूनच टाकणार असता. जाड थर म्हणजे फक्त जास्त घाम. लावलेला भाग तिरप्या उजेडात पाहिला की काचेवर फुंकर मारल्यासारखा धूसर दिसावा, पांढरा दिसता कामा नये.

एका वेळी एकच भाग घ्या: अर्धं बोनेट, एक दार. आडवे पट्टे, मग त्यावर उभे पट्टे, म्हणजे जागा सुटत नाही. मग थांबायचं. किती, ते डब्यावर दिलेलं असतं. काही वॅक्स लगेच पुसायचे असतात, काहींना दहा-पंधरा मिनिटं लागतात. बोटाची चाचणी सोपी: वॅक्सवरून स्वच्छ बोट ओढा. ओलसर फरफटलं तर थांबा. बोटाखाली स्वच्छ, चकचकीत पट्टा उमटला तर काढायला झालंय.

काढायला मऊ, लांब लवीचा मायक्रोफायबर टॉवेल. दोनदा घडी घाला म्हणजे आठ बाजू मिळतात. पहिल्या बाजूनं बरंचसं उचला, दुसऱ्या स्वच्छ बाजूनं अलगद पुसून चमक आणा. टॉवेलला शिवलेलं लेबल आधीच कापून टाका, त्याची कडा टोचते. कापड ओढल्यासारखं अडखळायला लागलं की बाजू भरली, घडी फिरवा. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर कुठंतरी चुकलंय: थर जाड झाला, पत्रा तापला किंवा टॉवेल भरला. जोर लावू नका, कारण शोधा.

सगळी गाडी झाली की तिच्याभोवती टॉर्च घेऊन एक फेरी मारा. दाराच्या हँडलमागं, नावाच्या अक्षरांच्या फटींत, दिव्यांच्या कडांना पांढरं वॅक्स दबा धरून बसलेलं असतं. मऊ ब्रशनं काढा. दाराची आतली कडा आणि डिकीचं झाकण उघडल्यावर दिसणारा रंग, तिथंही एक हात फिरवून घ्या. तिथं कुणी बघत नाही, पण चिखल साचतो.

दुसरा थर द्यायचा असेल तर दुसऱ्या दिवशी द्या. तो जाडी वाढवण्यासाठी नसतो. पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरून निघाव्यात यासाठी असतो. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या थराला अर्थ नाही.

वॅक्स केलं, आता निश्चिंत? नाही

वॅक्स दगडाला अडवत नाही, किल्लीला अडवत नाही आणि वाळूच्या फडक्यालाही नाही. ते वेळ मिळवून देतं. पक्ष्याची विष्ठा पडली तर आधी वॅक्सचा थर झिजतो, तेवढ्यात तुम्ही पोचायचं असतं. पण या विष्ठेची गंमत नुसती आम्लात नाही. उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन पसरतो. विष्ठा मात्र वाळून आकसते आणि कडक होते. रात्री पत्रा गार झाला की क्लिअर कोट त्या कडक कवचाच्या आकारातच बसतो. नंतर धुतलं तरी तिथं फिकट नकाशा उरतो. म्हणून दिसली की काढा, पण नखानं किंवा कोरड्या कागदानं नाही, त्यात बियांचे तुकडे आणि वाळू असते. पाण्यानं निथळणारं कापड किंवा टिशू त्यावर दोन-तीन मिनिटं ठेवा, मऊ झालं की चिमटीत धरून वर उचला. घासायचं नाही. डिकीत पाण्याची छोटी फवाऱ्याची बाटली आणि एक घडी घातलेला मायक्रोफायबर कायम ठेवा, हे काम रस्त्यात कुठंही निघतं.

झाडाचा चीक वाळला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन जरा धरून ठेवा, विरघळतो. डांबराचे शिंतोडे टार रिमूव्हरनं जातात. क्षारयुक्त पाण्याचे गोल पांढरे डाग उन्हात पक्के होतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी मिसळून पुसलं तर बहुतेक निघतात, पण लगेच साध्या पाण्यानं धुवा. या तिन्हींत एक तोटा सारखाच आहे: डागाबरोबर तिथलं वॅक्सही जातं. तेवढ्या वीतभर जागेला पुन्हा बोटभर वॅक्स लावून टाका.

गाडीवर कव्हर घालणाऱ्यांना एक विनंती. धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्यानं ते दिवसभर हलतं आणि खालची धूळ घासत राहतं. मग त्यापेक्षा उघडी गाडी बरी. गोल फिरणाऱ्या ब्रशांच्या कार वॉशचंही तसंच, आधीच्या गाडीचा चिखल तुमच्या रंगावर येतो.

आणि रोज सकाळचं पुसणं? धूळ असेल तर राहू द्या. धूळ नुसती बसून रंगाचं काही बिघडवत नाही, तुम्ही ती हलवता तेव्हा बिघडतं. अगदीच राहवत नसेल तर क्विक डिटेलरचा, म्हणजे न धुता हलकी धूळ पुसण्यासाठी मिळणाऱ्या द्रवाचा, फवारा मारून, ओल्यावर, स्वच्छ मायक्रोफायबरनं एकाच दिशेनं टिपून घ्या. तेही धूळ हलकी असेल तरच. बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ असेल तर नळीच घ्या.

पुन्हा कधी

पावसात किंवा धुतल्यावर बोनेटकडे बघा. पाणी गोल, टपोऱ्या थेंबांत उभं असेल तर वॅक्स शाबूत आहे. थेंब पसरट, वेडेवाकडे झाले, पाणी मळकट चादरीसारखं चिकटून राहिलं की त्याची वेळ भरत आली. पण घाई करू नका. कधी कधी वॅक्स असतं, वर तेलकट मळाचा थर बसलेला असतो. आधी शाम्पूनं नीट धुऊन पुन्हा बघा. थेंब परत टपोरे झाले तर डबा कपाटातच राहू द्या. टप आणि बोनेट नेहमी आधी हरतात, कारण ऊन तिथं सरळ पडतं. फक्त तेवढ्यांना लावलं तरी चालतं, दर वेळी अख्खी गाडी करायचा नियम नाही.

दगडानं टवका उडाला आणि पत्रा दिसायला लागला तर वॅक्सच्या आधी टचअप रंगाचा ठिपका द्या. वॅक्स लागलेल्या जागी तो धरत नाही आणि उघडा पत्रा गंजायची वाट बघत नाही.

राहता राहिले टॉवेल. घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका, सुती धागे त्यांच्यात गुंततात. कपडे मऊ करणारं कंडिशनर नको, त्यानं लव बुजते आणि टॉवेल पाणी प्यायचा थांबतो. सौम्य साबण, कोमट पाणी, सावलीत वाळवणं, मग झाकणाच्या डब्यात. रंगाचे, काचेचे आणि चाकाचे टॉवेल वेगवेगळ्या रंगांचे घेतले तर घाईत घोळ होत नाही. कोरा टॉवेलही पहिल्या वापराआधी एकदा धुऊन घ्या. मी घेतला नव्हता, आणि निळ्या टॉवेलचे सुटे धागे पांढऱ्या बोनेटवरच्या वॅक्समध्ये असे चिकटले की दुपारचा अर्धा तास ते एकेक वेचण्यात गेला.